अलंकार म्हणजे कवीचा निर्णय

दहावीच्या मराठीत कवितेची एक ठरलेली वाट असते. आधी कवीचे नाव, मग विषय, मग आवडण्याचे कारण, मग रसग्रहण. रसग्रहणाचे उत्तर तीन खणांत भरायचे: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. अलंकारांची यादी व्याकरणाच्या तासाला वेगळी. ‘सम, सारखा, परी’ दिसले की उपमा, ‘जणू, गमे, वाटे’ दिसले की उत्प्रेक्षा. रोह्यापासून पेणपर्यंत आणि रायगड जिल्ह्याबाहेर राज्यभर मुले ही यादी पाठ करतात. बहुतेकांना त्याचे गुणही मिळतात. मात्र मिळालेल्या गुणांचा कविता कळण्याशी फार थोडा संबंध असतो.

या दुखण्यावर एक उपाय हमखास सुचवला जातो. कवितेची चिरफाड थांबवा, अलंकार आणि वृत्ते बाजूला ठेवा, मुलांना कवितेचा नुसता आनंद घेऊ द्या. हा विचार सुसंस्कृत वाटतो, म्हणून चटकन पटतो. माझ्या मते तो उथळ आहे.

माझे म्हणणे असे: उपमा, रूपक, यमक, वृत्त, ओळ कुठे तोडायची हे सगळे कवीने घेतलेले निर्णय आहेत. निर्णय समजून घ्यायचा असेल तर तसा निर्णय स्वतः घेऊन पाहावा लागतो. म्हणून माध्यमिक शाळेत अलंकार ओळखायला लावण्याआधी ते वापरायला शिकवले पाहिजे, आणि ‘कोणता अलंकार?’ या प्रश्नामागोमाग ‘हाच का?’ हा प्रश्न आला पाहिजे.

## १. दोन्ही बाजूंची चूक एकच

पाठांतरवाले आणि आनंदवाले एकमेकांचे विरोधक दिसतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. आशय आधी तयार असतो आणि अलंकार त्यावर नंतर चढवला जातो, असे दोघेही मानतात. म्हणून पाठांतरवाले तो मोजतात आणि आनंदवाले त्याकडे दुर्लक्ष करतात.

आपले जुने काव्यशास्त्र मात्र इतके भाबडे नव्हते. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त खऱ्या अलंकाराची कसोटी सांगितली, ती अशी की त्यासाठी कवीला वेगळा खटाटोप करावा लागत नाही. रसात बुडालेल्या कवीकडून आशय आणि अलंकार एकाच प्रयत्नात उतरतात. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने औचित्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कमरेची मेखला गळ्यात आणि गळ्यातला हार कमरेला बांधला तर हसेच होईल, असा त्याचा दाखला आहे. मोल दागिन्याचे किती यापेक्षा तो कुठे आणि कशासाठी आहे, याला त्याने महत्त्व दिले. मम्मटाने तर काव्याची व्याख्या करतानाच, काव्य कधीकधी अलंकारावाचूनही असू शकते, एवढी जागा मोकळी ठेवली.

म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने आपण अलंकारांच्या याद्या घोकून घेतो, तिच्यातले मोठे विचारवंत ‘का’ आणि ‘कुठे’ हेच विचारत होते. आपण त्यांच्याकडून नावे घेतली आणि प्रश्न मागे ठेवले.

## २. निर्णय दिसतो पर्याय समोर आल्यावर

निर्णय उघड्यावर दिसत नाही. कागदावर छापलेली ओळ जणू तशीच असायची होती, असे वाटते. ती वेगळी असू शकली असती हे दाखवले की मगच निर्णय दिसू लागतो. एक उदाहरण जवळून पाहू.

रोह्याच्या वर्गात कुंडलिका नदीवर एक ओळ लिहायची आहे. तीन शक्यता घेऊ.

पहिली: ‘कुंडलिका चांदीच्या पट्ट्यासारखी चमकते.’

दुसरी: ‘कुंडलिका म्हणजे जणू उधळलेली हरिणीच.’

तिसरी: ‘कुंडलिका पहिल्या शिफ्टला निघते.’

परीक्षेच्या हिशेबात तिन्ही सारख्या. पहिलीत उपमा, दुसरीत उत्प्रेक्षा, तिसरीत चेतनगुणोक्ती. ओळखले की गुण मिळाले. पण वाचकाच्या हिशेबात या तिघींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पहिल्या ओळीत कुंडलिकेच्या जागी सावित्री घाला, अंबा घाला, काही बिघडत नाही. ती ओळ नदीकडे न पाहताही लिहिता येते. दुसरीतली हरिणी निदान वेग सांगते, पण तो वेग कुठल्याही डोंगरी नदीचा आहे. तिसरी ओळ फक्त कुंडलिकेचीच होऊ शकते. मुळशी धरणाचे पाणी घाटावरून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते. हे केंद्र 1927 साली सुरू झाले. वीज तयार करून झालेले पाणी कुंडलिकेत सोडले जाते. पाणी सुटले की कोलाडजवळचे पात्र भरते, आणि तिथले राफ्टिंगही त्याच वेळेवर चालते. म्हणजे ही नदी खरोखरच कारखान्याच्या घड्याळाने वाहते. खाली धाटावच्या औद्योगिक वसाहतीत माणसेही शिफ्टला जातात. ‘शिफ्ट’ हा एक शब्द नदी आणि कामगार यांना एका रांगेत उभे करतो.

आता त्याच ओळीत थोडे फेरफार करून पाहू. ‘निघते’च्या जागी ‘निघाली’ लिहिले तर एका सकाळची गोष्ट होते आणि रोजचेपण जाते. ‘पहिल्या शिफ्टला’ऐवजी ‘कामाला’ लिहिले तर नदी कष्टाळू बाईसारखी होते, पण घड्याळ हरवते. ‘कुंडलिके, तू पहिल्या शिफ्टला निघतेस’ असे संबोधन केले तर बोलणाऱ्याची तिच्याशी ओळख निघते, कदाचित सहानुभूतीही. एकेक शब्द बदलला की दृष्टीच बदलते. हे पाहिलेल्या मुलाला चेतनगुणोक्तीची व्याख्या पाठ करावी लागत नाही. निर्जीवाला माणसाचे वागणे दिल्याने काय साधते, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते.

## ३. वृत्त हे अडचणीवरचे उत्तर असते

अलंकारांपेक्षाही वृत्ताची अवस्था बिकट आहे. ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र, लघू-गुरूच्या खुणा, गण पाडणे, शेवटी वृत्ताचे नाव. अंकगणितासारखे हे चालते. मुलाच्या मनात प्रश्न येतोच की एवढ्या जाचात कोणी लिहिलेच कशाला?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला रोहा-पेणच्या शिक्षकाला लांब जायला नको. पेण तालुक्यातल्या गागोद्याला 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, 14 जानेवारी 1896 रोजी, महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचे घराणे रोह्याचे, बालपणही बरेचसे रोह्यात गेले. एक भूदानाचे प्रणेते, दुसरे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. दोघांची आयुष्ये अगदी वेगळ्या दिशांना गेली. पण दोघांनीही संस्कृत काव्य मराठीत आणण्याचा उद्योग केला. विनोबांनी गीता आणली, देशमुखांनी ‘मेघदूत’.

विनोबांपुढची अडचण पाहा. त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती आणि संस्कृत येत नव्हते. त्या वेळचा मराठी पद्यानुवादही तिला अवघड गेला. 1932 साली त्यांची ‘गीताई’ प्रसिद्ध झाली तेव्हा आई हयात नव्हती, पण तिच्यासारखे असंख्य वाचक आणि श्रोते समोर होते. अर्थ तेवढा सांगायचा असता तर गद्य पुरले असते, आणि ते सोपेही झाले असते. विनोबांनी समश्लोकी रचना केली, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला पाठ करता आले पाहिजे होते. मुख्यतः आठ अक्षरांचा चरण, चार चरणांचा श्लोक, म्हणजे अनुष्टुभ. हा आकृतिबंध कानातून स्मरणात उतरतो. शिवाय संस्कृत समासात जे दोन शब्दांत बसते त्याला मराठीत विभक्ती प्रत्यय लागतात, क्रियापद लागते. त्याच मापात ते बसवायचे तर प्रत्येक शब्दाला आपली जागा कमवावी लागते. अनुष्टुभाच्या या मापामुळेच तिथली मराठी सोपी आणि आटोपशीर झाली आहे.

‘मेघदूता’ची अडचण वेगळी. कालिदासाने सबंध काव्य मंदाक्रांता या एकाच वृत्तात बांधले. चरणात सतरा अक्षरे: आधी चार गुरू, मग यती म्हणजे विराम, मग पाच लघू आणि एक गुरू, पुन्हा यती, शेवटची सात अक्षरे गुरू-लघूंच्या हेलकाव्यात. हे फळ्यावर लिहून दाखवण्यापेक्षा वर्गाकडून टाळ्यांवर म्हणून घ्यावे. गा गा गा गा, ल ल ल ल ल गा, गा ल गा गा ल गा गा. चार जड पावले, एक धाव, मग डुलत गेलेली चाल. काव्यातला विरहाने जडावलेला यक्ष, आणि थांबत, धावत, तरंगत जाणारा मेघ. मुले हे कानाने आधी ओळखतात. गणांची नावे मागाहून सांगितली तरी चालतात. आणि मग त्यांना विचारता येते: देशमुख, बा. भ. बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके, ज्यांनी ज्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले त्यांना या चालीचे काय करायचे हे ठरवावे लागले. तुम्ही काय केले असते?

हा प्रश्न विचारता येतो त्या वर्गात वृत्त जिवंत आहे. देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली, हे रोह्यात अभिमानाने सांगितले जाते. परीक्षेनंतरही कविता त्यांच्याजवळ उरली आणि अर्थकारणाच्या धबडग्यात टिकली, हे त्याहून मोठे आहे.

## ४. आधी लेखन, मग नाव

यावरून अध्यापनाचा क्रम निघतो. आज क्रम असा आहे: व्याख्या, उदाहरण, ओळख, परीक्षा. तो उलटला पाहिजे: प्रयत्न, तुलना, वाचन, नाव.

प्रयत्न लहान असावा. पूर्ण कविता मागू नये. दोन ओळी पुरेत. विषय ‘पाऊस’ किंवा ‘आई’ असा सैल नको. धाटावहून सुटणारी कंपनी बस, बाजारपेठेतले ओहोटीच्या वेळचे मासळीचे दर, पेणच्या कारखान्यातल्या रंग न दिलेल्या गणेशमूर्ती, असा नेमका विषय हवा. अट एकच, पण स्पष्ट: तुलना करा पण ‘सारखा’ वापरू नका, किंवा प्रत्येक ओळ आठ अक्षरांची ठेवा, किंवा निर्जीव वस्तूला एकच क्रियापद द्या.

अट घातली की प्रतिभा कोंडते, ही समजूत खरी नाही. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना मतला, काफिया, रदीफ यांचे नियम सांगितले. त्या नियमांनी मराठीत गझल लिहिणारी एक पिढी उभी राहायला मदत झाली. मोकळ्या मैदानात उभे केलेले मूल ऐकलेलेच शब्द उचलते. अट त्या तयार शब्दांची वाट अडवते आणि त्याला दुसरा शब्द शोधायला लावते. शोधणे सुरू झाले की निर्णय सुरू झाला.

दुसरी पायरी तुलनेची. एकाच विषयावरच्या दोन ओळी फळ्यावर शेजारी शेजारी, नावांशिवाय. कोणती चांगली हे ठरवण्याआधी दोन्हींत काय वेगळे घडते ते बोलायचे. तिसरी पायरी पाठ्यपुस्तकातल्या कवितेची. जी अडचण आपल्याला आली ती या कवीने कशी सोडवली, अशा नजरेने मूल आता वाचते. आणि चौथ्या पायरीवर नाव. आपण जे केले त्याला रूपक म्हणतात हे कळले की नाव विसरले जात नाही, कारण त्यामागे स्वतःची खटपट असते.

## ५. रसग्रहणाच्या उत्तराचे काय?

रसग्रहणासाठी परीक्षा मंडळाने ठरवलेले तीन मुद्दे वाईट नाहीत. वाईट आहे ती त्यांना वेगळे खण समजण्याची सवय. त्यामुळे गाइडमधले उत्तर कुठल्याही कवितेला बसते: ‘कवीने साध्या, सोप्या शब्दांत आशय मांडला आहे. यमकामुळे कवितेला नादमाधुर्य प्राप्त झाले आहे.’ ही दोन वाक्ये कोणत्या कवितेबद्दल आहेत हे कोणालाही सांगता येणार नाही. ज्या वाक्यातून कविता ओळखू येत नाही ते वाक्य रसग्रहणाचे नाही, एवढा एक निकष वर्गात लावला तरी उत्तरे सुधारतील.

त्याच्या जागी तीन मुद्दे जोडणारे वाक्य हवे. कुंडलिकेवरच्या तिसऱ्या ओळीबद्दल ते असे होईल: ‘नदी कारखान्याच्या वेळेने वाहते हे सांगण्यासाठी कवीने तिला कामगार केले आहे, “निघते” या साध्या वर्तमानकाळामुळे हे रोजचे आहे हे कळते आणि “शिफ्ट” या बोलीतल्या शब्दामुळे नदी गावातल्या माणसांच्या जवळ येते.’ यात आशय आहे, अलंकार आहे, भाषा आहे, आणि तिन्ही एकमेकांना धरून आहेत. हे उत्तर लांब नाही, त्याला वेगळा वेळ लागत नाही आणि मंडळाच्या चौकटीत ते पूर्ण बसते.

## ६. आक्षेप आणि उत्तरे

‘बहिणाबाईंना कुठे अलंकार शिकवले होते?’ हा सर्वांत आवडता आक्षेप. बहिणाबाई चौधरी अक्षरओळखीवाचून अशा कविता रचून गेल्या की 1952 साली पुस्तक निघाल्यावर महाराष्ट्र थक्क झाला. पण त्यांना शास्त्रातली नावे ठाऊक नव्हती, यावरून रचनेचे शिक्षण नव्हते असे ठरत नाही. ओवीची लय, यमकाची जागा, घरोटाच्या फेऱ्याशी जुळणारी ओळ हे सगळे त्यांनी ऐकून आणि रचून कमावले होते. म्हणजे त्यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: आधी वापर, नाव असो वा नसो. पेण-अलिबागकडच्या आगरी लग्नात धवलारीण धवला हे लग्नगीत म्हणते, दक्षिण रायगडात जाखडी नाचाचे शाहीर सवाल-जवाब रचतात. अशा घरांतून येणाऱ्या मुलांच्या कानात लय आधीच असते. शाळा ती मोजत नाही आणि प्रमाणभाषेतल्या व्याख्येने सुरुवात करते, म्हणून ही मुले कवितेत ‘कच्ची’ ठरतात. आगरी बोलीत लिहिलेल्या दोन ओळींपासून सुरुवात झाली तर हीच मुले पुढे असतील.

‘आजची कविता मुक्तछंदात आहे, अलंकार-वृत्ते जुनी झाली.’ मुक्तछंदात निर्णय कमी होत नाहीत, वाढतात. पेणच्या मूर्तिकामावरच्या या दोन ओळी घ्या: ‘आज डोळ्यांची आखणी झाली. / आता मूर्ती माझ्याकडे बघते.’ यमक नाही, उपमा नाही. पण दोन वाक्यांमध्ये ओळ तोडली आहे आणि त्या खंडात बदल घडतो: पहिल्या ओळीत माणूस मूर्तीवर काम करतो, दुसरीत मूर्ती कर्ता होते. ‘आणि’ घालून एक वाक्य केले तर हा उलटा फिरणारा क्षण बोथट होईल. वृत्ताने जे काम केले असते ते इथे विरामाने केले. ज्याने वृत्तातली यती हाताळली आहे त्याला हा विराम अधिक लवकर ऐकू येतो.

‘साठ मुलांचा वर्ग आणि अभ्यासक्रमाचा रेटा, हे जमणार कसे?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो शिक्षकांच्या परिस्थितीतून आलेला आहे. म्हणूनच मी दोन ओळींबद्दल बोलतो आहे. वह्या आपसांत बदलून मुलेच एकमेकांच्या ओळी वाचतील. शिक्षकाने फळ्यासाठी दोनच निवडायच्या. शिवाय आज अलंकारांच्या व्याख्या आठवीला, नववीला आणि दहावीला पुन्हा पुन्हा घोकून घ्याव्या लागतात, कारण त्या राहत नाहीत. एकदा वापरलेले राहते. वेळ तिथूनच सुटेल.

‘मुलांच्या वाईट कवितांना गुण द्यायचे कसे?’ कवितेला गुण देऊच नयेत. गुण द्यावेत ते निर्णयाच्या समर्थनाला: तुम्ही हा शब्द का ठेवला, कोणता खोडला? खोडलेल्या शब्दाचे कारण सांगता येणे हे मोजता येते. आणि ते कारण गाइडमध्ये सापडत नाही.

‘विश्लेषणाने रसभंग होतो.’ तयार उत्तराने होतो हे खरे. पण रियाझ केलेल्या माणसाला गाण्याचा आनंद कमी मिळतो असे कोणी म्हणत नाही. न कळता जो आनंद होतो तो पहिल्या वाचनाचा, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. म्हणून कविता आधी मोठ्याने, मध्ये न थांबता वाचावी. पण तिच्याकडे परत परत नेणारा आनंद हा अधिक दिसू लागल्याचा असतो. तो मुलांपासून लपवून ठेवणे हा त्यांच्यावर दाखवलेला अविश्वास आहे.

## ७. हे कवितेपुरते नाही

अलंकार कवितेत राहतात आणि बाकी भाषा साधी असते, हाही एक भ्रम आहे. जाहिरात, भाषण, घोषणा, बातमीचा मथळा हे सगळे अलंकारांवर चालतात. ‘गावात विकासाची गंगा आली’ हे वाक्य मुले शेकडो वेळा ऐकतात. परीक्षेत त्याचे उत्तर ‘रूपक’ एवढेच. पण गंगाच का? गंगा पवित्र, म्हणून तिच्याबद्दल शंका घेणे हेच पाप वाटू लागते. गंगा आपोआप वाहते, म्हणून ती कोणी आणली, कोणाच्या पैशाने आणली, हे विचारायचे राहून जाते. आणि गंगा सगळ्यांना सारखीच मिळते, असे न सांगताही सांगितले जाते.

ज्या जिल्ह्यात मुळशीचे पाणी वीज करून कुंडलिकेत उतरते, ज्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्या जिल्ह्यातल्या मुलाला या रूपकाकडे डोळे उघडे ठेवून पाहता आलेच पाहिजे. पाणी, जमीन आणि प्रगती यांच्याबद्दलचे निर्णय आधी भाषेत घेतले जातात. कोणता शब्द वापरला आणि कोणता टाळला हे ज्याला ऐकू येते, त्याला फसवणे अवघड जाते. हे शिक्षण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही. मिळायचे तर कवितेच्या तासाला मिळते.

म्हणून मागणी साधी आहे. शाळेने प्रत्येक कवितेमागे एक तास लेखनाला द्यावा. प्रश्नपत्रिकेत ‘अलंकार ओळखा’च्या जोडीला ‘या जागी दुसरा शब्द घातला असता तर काय बदलले असते?’ हा प्रश्न यावा. मुलाच्या बोलीतला शब्द चूक म्हणून खोडण्याआधी तो तिथे काय करतो हे त्याला विचारावे. सगळ्यांनी कवी व्हावे अशी यात अपेक्षा नाही. पण दहा वर्षे मराठी शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला एका ओळीसमोर उभे राहून ‘हे असेच का लिहिले?’ असे विचारता यावे, आणि त्याचे स्वतःचे उत्तर देता यावे. मराठीच्या अभ्यासक्रमाने एवढे साधले नाही तर पाठ केलेल्या व्याख्या निकालाच्या दिवशीच संपतील, आणि त्यांच्यासाठी घातलेला वेळ मुलांना परत मिळणार नाही.